संगणकाच्या कॅबिनेटमधील हवेचा मार्ग : नवी मुंबईतील महाविद्यालयीन प्रयोगशाळांच्या संदर्भात

प्रस्तावना

एप्रिल-मे महिन्यांत महाविद्यालयांच्या संगणक प्रयोगशाळांतून एक तक्रार हटकून ऐकू येते. सकाळी व्यवस्थित चालणारा संगणक दुपारच्या प्रात्यक्षिकाच्या वेळी मंदावतो आणि कधी कधी आपोआप बंदही पडतो. याचे खापर बहुधा व्हायरसवर किंवा यंत्राच्या वयावर फोडले जाते आणि यथावकाश ते यंत्र निर्लेखनाच्या यादीत जाते. वास्तविक अशा अनेक यंत्रांत दोष असतो तो केवळ हवेच्या अडलेल्या वाटेचा.

आधुनिक प्रोसेसरचे तापमान ठरावीक मर्यादेपर्यंत पोहोचले की तो स्वसंरक्षणार्थ आपली गती कमी करतो. बऱ्याच प्रोसेसरांमध्ये ही मर्यादा १०० अंश सेल्सिअसच्या आसपास असते. याचा शैक्षणिक परिणाम दुर्लक्षित राहतो. क्रमवारी लावण्याच्या दोन पद्धतींना लागणारा वेळ विद्यार्थी मोजत असेल आणि दुसऱ्या चाचणीच्या वेळी यंत्र तापलेले असेल, तर त्याच्या वहीत नोंदला जाणारा फरक त्या पद्धतींचा असेलच असे नाही.

पेटीला सरसकट 'सीपीयू' म्हणण्याची आपल्याकडील रूढीही येथे थोडी दिशाभूल करते. प्रोसेसरवरचा पंखा फिरतो आहे म्हणजे सारी पेटी थंड आहे, असा समज त्यातून होतो. तो पंखा उष्णता प्रोसेसरपासून काढून पेटीतील हवेत सोडतो, एवढेच. ती हवा पेटीबाहेर नेण्याचे काम स्वतंत्र आहे आणि प्रस्तुत लेखाचा विषय तेच काम आहे.

उष्णतेचा हिशेब

संगणक जेवढी वीज घेतो, ती जवळजवळ सर्व अखेरीस उष्णतेत रूपांतरित होते. कामात असलेल्या प्रयोगशाळेतील एका पेटीसाठी १५० वॅट हा आकडा गृहीत धरू. हवेची विशिष्ट उष्णता आणि उन्हाळ्यातील घनता लक्षात घेता, एवढी उष्णता वाहून नेताना हवेचे तापमान १० अंशांनीच वाढावे असे वाटत असेल, तर दर सेकंदाला सुमारे १३ लिटर हवा पेटीतून गेली पाहिजे. पेटीचे आकारमान ४० लिटर असल्यास तिच्यातील सगळी हवा साधारणतः दर तीन सेकंदांनी बदलावी लागेल.

तापमानातील वाढ १० वरून ५ अंशांवर आणायची तर हवेचा ओघ दुप्पट करावा लागतो. तो पुन्हा दुप्पट केल्यास लाभ फक्त अडीच अंशांचा होतो. पंखे वाढवत गेल्यास फायदा झपाट्याने घटत जातो आणि आवाज मात्र वाढत राहतो. शिवाय बाहेरची हवा ३५ अंशांची असेल तर कितीही पंखे लावले तरी पेटीतील हवा त्याखाली जाणार नाही. सुमारे २००३ मध्ये इंटेलने पेटीच्या रचनेसंबंधी जे मार्गदर्शन केले, त्यात खोलीचे तापमान ३५ अंश धरून प्रोसेसरच्या पंख्याला मिळणारी हवा ३८ अंशांच्या आत ठेवण्याचे उद्दिष्ट होते. त्यासाठी पेटीच्या बाजूच्या पत्र्यातून थेट प्रोसेसरपर्यंत येणारी एक नळी सुचविण्यात आली होती. नवी मुंबईतील उन्हाळ्याच्या दुपारी हे ३५ अंशांचे गृहीतक काल्पनिक वाटत नाही.

'गरम हवा वर जाते, म्हणून पंखा वरच हवा' हे विधान वारंवार केले जाते. ते चुकीचे नाही, पण त्याला वाजवीपेक्षा अधिक महत्त्व दिले जाते. ४० सेंटिमीटर उंचीच्या पेटीत १० अंशांच्या फरकामुळे निर्माण होणारा ऊर्ध्वगामी दाब सुमारे ०.१५ पास्कल असतो. १२० मिलिमीटरचा सामान्य पंखा जो कमाल दाब निर्माण करू शकतो, त्याच्या तुलनेत हा साधारण शंभरावा भाग होय. पेटीतील हवा पंखे नेतील तिकडे जाते. म्हणून ती कोठून आत येते, कशावरून वाहते आणि कोठून बाहेर पडते, हा प्रश्न पंखा वर की खाली यापेक्षा महत्त्वाचा ठरतो.

रचनेचा इतिहास

१९९५ साली आलेल्या एटीएक्स रचनेत प्रारंभी एसएमपीएसचा पंखा बाहेरची हवा आत घेऊन प्रोसेसरवर सोडील अशी कल्पना होती. परंतु ही हवा एसएमपीएसमध्येच तापून येत असल्याने पुढे दिशा उलटी झाली आणि तो पंखा हवा बाहेर टाकू लागला. २००४ मधील पेंटियम ४ प्रोसेसरांच्या काही आवृत्त्यांची उष्णता ११५ वॅटपर्यंत गेली, तेव्हा समोरून मागे सरळ रेषेत हवा नेणारी बीटीएक्स रचना इंटेलने पुढे आणली. तिच्यात प्रोसेसरला सर्वांत आधी ताजी हवा मिळत असे. नंतरचे प्रोसेसर कमी उष्णता देऊ लागल्यामुळे २००६ मध्ये तिचा पाठपुरावा थांबला. रचना मागे पडली, तरी समोरून थंड हवा घेऊन मागून गरम हवा सोडण्याचे तिचे तत्त्व आजच्या बहुतेक पेट्यांत दिसते.

हेच तत्त्व मोठ्या प्रमाणावर पाहायचे असेल तर नवी मुंबईबाहेर जाण्याची गरज नाही. महापे-रबाळे-ऐरोली पट्ट्यात अनेक डेटा सेंटर उभी आहेत. पनवेल येथे २०२० मध्ये सुरू झालेल्या योट्टाच्या केंद्राची क्षमता ७,२०० रॅकची सांगितली जाते. अशा केंद्रांत रॅकच्या रांगा समोरासमोर आणि पाठीला पाठ अशा मांडण्याची पद्धत रूढ आहे. त्यामुळे थंड हवेची आणि गरम हवेची मार्गिका वेगळी राहते. रॅकमधील रिकामी जागासुद्धा पत्र्याने बंद करतात, कारण तेथून मागची गरम हवा पुढे येते.

टेबलाचा कप्पा

महाविद्यालयात नेमके उलटे घडते. संगणक-टेबलाच्या ज्या कप्प्यात पेटी ठेवतात, तो तिन्ही बाजूंनी बंद असतो आणि त्याची पाठ भिंतीला टेकलेली असते. मागून निघालेली गरम हवा कप्प्यातच फिरून समोरच्या जाळीतून पुन्हा आत जाते. खोली ३४ अंशांची आणि पेटीतून जाताना हवेची तापमानवाढ १० अंशांची मानू. मोकळ्या जागेत पेटी ३४ अंशांची हवा घेईल आणि ४४ अंशांची सोडील. परंतु आत जाणाऱ्या हवेपैकी निम्मी जर तिचीच सोडलेली हवा असेल, तर आत जाणारी हवा ४४ अंशांची आणि बाहेर पडणारी ५४ अंशांची होईल. हे दहा अंश कोणत्याही महागड्या पंख्याने भरून निघणार नाहीत. कप्प्याची मागची फळी काढली आणि टेबल भिंतीपासून वीतभर पुढे ओढले, तर ते बव्हंशी विनाखर्च मिळतात.

पेटीच्या आतही असाच आखूड मार्ग तयार होतो. बाजूच्या पत्र्यावर, मागच्या पंख्याच्या अगदी जवळ हवा आत घेणारा पंखा बसविला, तर ती हवा प्रोसेसर आणि हार्ड डिस्क यांना न भेटताच बाहेर जाते. याउलट जुन्या यंत्रांतील रुंद, चपट्या केबल हवेच्या वाटेत पडद्यासारख्या लोंबत असत. सॅटा जोडणीच्या बारीक केबलमुळे ती अडचण पुष्कळ कमी झाली.

पेटीचा पत्रा कायमचा उघडा ठेवण्याची सवय उपाय म्हणून योग्य नव्हे. तिचा उपयोग परीक्षेसाठी मात्र करता येतो. पत्रा काढल्यावर त्याच कामासाठी प्रोसेसरचे तापमान लक्षणीय उतरले, तर पेटीला पुरेशी हवा मिळत नाही हे सिद्ध होते. ते उतरले नाही, तर दोष हीट सिंकमध्ये साचलेल्या धुळीत किंवा सुकलेल्या थर्मल पेस्टमध्ये शोधावा.

धूळ आणि दमट हवा

पारसिकच्या उतारावर दीर्घकाळ चाललेल्या दगडखाणी, सततची बांधकामे आणि अवजड वाहतूक यांमुळे नवी मुंबईच्या हवेत धूळ कमी नाही. त्यात खाडीकाठचा खारट दमटपणा आहे. मीठ ओलावा शोषते. त्यामुळे येथील धुळीचा थर हवा तर अडवतोच, शिवाय मदरबोर्डवर अंशतः वीजवाहकही होऊ शकतो. म्हणून आत येणारी हवा बाहेर जाणाऱ्या हवेपेक्षा किंचित अधिक ठेवावी आणि ती गाळणीतून घ्यावी. तसे केल्यास फटींमधून हवा बाहेर पडते आणि धूळ गाळणीवर अडते. मात्र गाळणी वेळोवेळी धुतली नाही, तर तीच सर्वांत मोठा अडथळा बनते. ब्लोअरने सफाई करताना पंख्याची पाती बोटाने धरून ठेवावीत, कारण जोराने फिरणारा पंखा स्वतःच वीज निर्माण करतो.

उष्णतेची भीती अवास्तव वाढवणेही बरे नव्हे. इलेक्ट्रोलाइटिक कॅपॅसिटरचे आयुष्य दर १० अंशांना साधारण निम्मे होते, हा ठोकताळा सर्वमान्य आहे. परंतु गूगलच्या संशोधकांनी २००७ मध्ये एक लाखाहून अधिक हार्ड डिस्कच्या नोंदी तपासल्या, तेव्हा डिस्क बिघडण्याचा आणि तापमानाचा संबंध अपेक्षेपेक्षा बराच कमी आढळला. तो मुख्यतः फार उच्च तापमानाला आणि जुन्या डिस्कमध्ये दिसला.

वातानुकूलन हा सर्व अडचणींवरचा उपाय मानला जातो. चाळीस पेट्यांची उष्णता ६ किलोवॅट, म्हणजे सुमारे पावणेदोन टन वातानुकूलनाइतकी होते. मॉनिटर, विद्यार्थी आणि पश्चिमेचे ऊन यांचा हिशेब वेगळाच. पावसाळ्यात तर आणखी एक धोका संभवतो. त्या काळात येथील हवेचा दवबिंदू २५ अंशांच्या आसपास असतो. २२ अंशांवर थंड केलेली, बंद केलेली यंत्रे संध्याकाळी उघड्या खिडक्यांच्या हवेत आली, तर त्यांच्या धातूच्या भागांवर दव जमते. चालू यंत्रात हे घडत नाही, कारण त्याचे भाग खोलीपेक्षा उष्ण असतात. म्हणून तास संपल्यावर वातानुकूलन बंद केले, तरी खोली आपोआप बाहेरच्या तापमानाला येईपर्यंत खिडक्या मिटलेल्या ठेवाव्यात.

निर्लेखनाचा प्रस्ताव करण्यापूर्वी प्रत्येक यंत्राच्या तीन नोंदी घेणे शक्य आहे. पहिली, खोलीचे तापमान. दुसरी, तेच काम अर्धा तास चालवल्यावर प्रोसेसरचे तापमान आणि गती. तिसरी, सफाई करून व कप्प्यातून बाहेर काढून घेतलेली तीच मोजणी. यासाठी लागणारी साधने विनामूल्य मिळतात आणि भौतिकशास्त्र विभागाकडे तापमापी असतेच.