प्रवाळासाठी वासुदेवाचा पेला

तुमच्यापैकी किती जणांनी समुद्र पाहिला आहे? आमच्या सूरजागडकडच्या पोरांना विचाराल, तर हात क्वचितच वर जाईल. गडचिरोली जिल्ह्याच्या या टोकाहून मुंबईचा किनारा गाठायचा म्हणजे अख्खा महाराष्ट्र आडवा ओलांडायचा! पण समुद्राच्या तळाशी राहणाऱ्या एका प्राण्याची अडचण इथल्या पोरांना चटकन समजते. कारण तशाच अडचणीतले जीव आमच्या नाल्यातही आहेत.

पावसाळा सरला की वाहत्या नाल्यातला एखादा दगड हळूच उलटा करून बघा. कधी कधी त्याला बारीक खडे चिकटवून केलेलं घरटं दिसतं आणि शेजारी कोळ्याच्या जाळ्यासारखं इवलंसं जाळं. ही एका किड्याच्या अळीची करामत. ती शिकारीला जातच नाही. प्रवाहाच्या तोंडाला जाळं लावते आणि पाणी जे आणून देईल ते खाते. (बघून झालं की दगड होता तसा ठेवा हं!)

प्रवाळाचंही असंच आहे. दिसतो झुडपासारखा किंवा दगडासारखा, पण तो आहे प्राणी. छोट्या छोट्या तोंडांची वसाहतच म्हणा ना. प्रत्येक तोंडाभोवती बारीक शुंडकं असतात. अंगात सूक्ष्म शेवाळं राहतं, ते उन्हात अन्न तयार करतं आणि प्रवाळाला बरंचसं देऊन टाकतं. उरलेलं अन्न शुंडकांनी पकडायचं. पण प्रवाळ जागचा हलू शकत नाही. म्हणून अन्न, प्राणवायू सगळं पाण्यानेच आणायचं आणि घाणही पाण्यानेच न्यायची.

तुम्ही म्हणाल, पाण्यातच तर राहतो, मग अडचण कसली? दोन ग्लासांत सारखं पाणी घ्या. तळाशी खडीसाखरेचा एकेक सारखाच खडा टाका. एका ग्लासाला हात लावू नका, दुसरा चमच्याने ढवळत राहा. ढवळलेल्यातला खडा आधी विरघळेल. न ढवळलेल्या ग्लासातला खडा स्वतःच्याच पाकात बसून राहतो. त्याच्याभोवती गोड पाण्याचा थर जमतो आणि ताजं पाणी त्याच्यापर्यंत पोचतच नाही. संथ पाण्यात प्रवाळाच्या अंगालगतही असा स्थिर पाण्याचा थर साचतो. जोराचं पाणी आलं की तो पातळ होतो. शास्त्रज्ञ तर समुद्रात प्लास्टरचे ठोकळे ठेवतात आणि काही वेळाने ते किती झिजले हे वजन करून पाहतात. त्यावरून तिथलं पाणी किती खेळतं ते कळतं. म्हणजे तुमचा खडीसाखरेचाच प्रयोग की!

परदेशात काही लोक घरच्या काचेच्या टाकीत जिवंत प्रवाळ वाढवतात. आपल्याकडे तसं करता येत नाही. २००१ साली खडक बांधणारे प्रवाळ वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत घातले गेले. ताडोबाचा वाघ ज्या यादीत आहे, त्याच यादीत! आपल्या महाराष्ट्राचे प्रवाळ पाहायचे तर मालवणच्या सागरी अभयारण्यात आहेत. ते १९८७ साली जाहीर झालं. विजयदुर्गापासून शंभर किलोमीटरहून जास्त आत, पाण्याखाली आंग्रिया नावाचं पठार आहे, त्यावरही आहेत. आंग्रिया म्हणजे आपले कान्होजी आंग्रे!

तर त्या टाकीत समुद्र आणायचा कसा? नुसतं खारं पाणी भरून भागत नाही. दोनशे लिटरची टाकी असेल, तर मऊ प्रवाळांसाठीसुद्धा पंपाने तासाला सुमारे चार हजार लिटर पाणी फिरवतात. म्हणजे सगळी टाकी वीस वेळा ढवळून निघाली. फांद्यांच्या टणक प्रवाळांना याहून जास्त लागतं. पण पंपाची धार थेट अंगावर सोडली तर प्रवाळाचं नाजूक मांस सोलून निघतं. शिवाय धार एकाच बाजूने असेल तर मागच्या कोपऱ्यात पाणी मरतं, उष्टं तिथेच कुजतं. म्हणून समोरासमोर दोन पंप लावून ते आळीपाळीने चालवतात. आणि रात्री वीज गेली तर? अंधारात शेवाळं प्राणवायू तयार करत नाही, मासे आणि प्रवाळ मात्र श्वास घेतच राहतात. पंप काही तास बंद राहिला तर सकाळी टाकी मेलेली सापडू शकते.

पण खरा समुद्र पंपासारखा एकसारखा वाहत नाही. लाट येते, दणका देते, मागे जाते. हा दणका कसा आणायचा? हवाई बेटांवरच्या वाइकीकी मत्स्यालयातले ब्रूस कार्लसन यांनी त्यासाठी एक साधी युक्ती वापरली. तिला आजही त्यांचंच नाव आहे. टाकीच्या वर एक पिंप. पंप त्यात सावकाश पाणी चढवतो. पिंप भरत आलं की सगळं पाणी एकदम धो धो खाली येतं, लाट उसळते, आणि पिंप पुन्हा भरू लागतं. ना झडप, ना बटण!

ही युक्ती तुम्ही ओळखलीत का? वासुदेवाचा पेला! वसुदेवाच्या हाती बाळकृष्ण असलेला पितळी पेला तुम्ही कुठेतरी पाहिला असेल. त्यात पाणी ओतत जा. यमुना चढत चढत कृष्णाच्या पायाला लागली, की सगळं पाणी बुडाच्या भोकातून निघून जातं. वसुदेवाच्या पोटात एक वाकडी नळी लपवलेली असते. तिचं एक टोक आत पेल्याच्या तळाशी उघडं, वाकण कृष्णाच्या पायाइतक्या उंचीवर आणि दुसरं टोक बुडातून बाहेर. पाणी वाकणावर चढलं की पलीकडे उतरू लागतं आणि मागचं पाणी ओढून नेतं. आतलं टोक उघडं पडून हवा शिरली, की ओढ तुटते. कार्लसन यांच्या पिंपातही हीच वाकडी नळी!

तुम्हालाही करता येईल. प्लास्टिकच्या बाटलीचं बूड मोठ्यांकडून कापून घ्या. झाकणाला भोक पाडून त्यातून कूलरची बारीक नळी आत घाला आणि आत ती हातछत्रीच्या मुठीसारखी वाकवा. आतलं टोक झाकणाजवळ आलं पाहिजे. भोकाची फट मेणाने बुजवा. बाटली उलटी धरा, खाली बादली ठेवा आणि वरून तांब्याने पाणी सोडा. इथे थोडी गंमत आहे. नळी रुंद आणि धार फार बारीक असेल, तर पाणी वाकणावरून नुसतं ठिबकत राहतं. धार फार मोठी असेल, तर बाटली कधी रिकामीच होत नाही. दोन्हींच्या मधली धार सापडली, की बाटली आपोआप भरते, रिकामी होते, पुन्हा भरते. बादलीत कागदाच्या चार होड्या सोडा, आणि दोन लाटांमध्ये किती आकडे मोजून होतात ते वहीत लिहून ठेवा.