रोकडवहीची पाहणी

गोंदियात राईस मिलची भागीदारी मोडली, की भांडण तांदळावरून कमी आणि कोंडा-कनकीवरून जास्त पेटतं. अशाच हिशोबाच्या एका दाव्यात मी वादीचा वकील होतो. प्रतिवादीने जबाबात लिहिलं होतं, ‘रोकडवहीप्रमाणे वादीचं काहीच घेणं निघत नाही.’ मग वही दाखवा.

हे सांगायला 1908च्या दिवाणी प्रक्रिया संहितेत आदेश 11 आहे. जबाबात ज्या दस्ताचा आधार घेतला, तो मुद्दे निघण्याआधी नोटीस देऊन पाहायला मागता येतो. सबळ कारण नसताना दाखवला नाही, तर नंतर तो दस्त स्वतःच्या बाजूने पुराव्यात आणता येत नाही. एवढं धारदार हत्यार असून आमच्यातले अनेक जण ते वापरत नाहीत. वही उलटतपासात मागतात. तोवर वर्षं गेलेली असतात आणि ती पक्षकाराच्या आयुष्यातली असतात, याचा मला राग येतो.

नोटिशीला दहा दिवसांत उत्तर यायला हवं होतं. आलं नाही, म्हणून अर्ज टाकला. त्यावर प्रतिवादीचा से, म्हणजे लेखी म्हणणं, आला: वहीत इतर व्यापाऱ्यांचे व्यवहार आहेत, वादी नुसता पुरावा हुडकतोय. पहिली हरकत खोटी नव्हती. कोणाला काय भावाने माल दिला, हे धंद्यातलं गुपित असतं. कोर्टाने मधला मार्ग काढला. फक्त कोंडा-कनकीच्या नोंदींची प्रत द्या, ती मूळ वहीशी ताडल्याचं प्रतिज्ञापत्र जोडा. नियम 19 प्रमाणे मूळ वहीत खाडाखोड, ओळींमध्ये घातलेला मजकूर किंवा बदल आहे का, हेही त्यात शपथेवर लिहावं लागतं.

प्रत आली. खाडाखोडीबद्दल प्रतिज्ञापत्रात अवाक्षर नव्हतं. मी पुन्हा अर्ज दिला. प्रत मिळाली तरी मूळ वही पाहण्याचा हुकूम कोर्ट देऊ शकतं, आणि तो मिळाला. रोजच्या वापरातली वही जिथे असते तिथेच पाहायची, म्हणून दोन्ही वकील मिलमध्ये गेलो.

मुनीमजींनी लाल कापडी बांधणीची वही पुढे सरकवली. ‘‘वकीलसाहेब, हे कोर्टात नेली तं रोजचा हिशोब लिवाचा कुठं?’’ कायद्यानेही नेमकी हीच अडचण ओळखली आहे. पानांवर कोंड्याची धूळ होती. एका पानावर दोन ओळींच्या फटीत बारीक अक्षरात एक नोंद बसवलेली दिसली: वादीला रोख दिले. वरची-खालची शाई काळी, हिची निळी. समोरचे वकीलही वाकून बघत राहिले.

हुकूम मोडला तर बचाव काढून टाकता येतो, पण त्याआधी म्हणणं मांडायची संधी द्यावी लागते. तशा सुनावणीची वेळ येण्याआधीच प्रतिवादीचं नवं प्रतिज्ञापत्र दाखल झालं. ती नोंद दावा लागल्यानंतर घातल्याचं त्यात कबूल होतं. मग त्या रोख रकमेवर स्वतंत्र मुद्दा निघाला, आणि ती दिल्याचं सिद्ध करायची जबाबदारी प्रतिवादीवर आली.