ताटाला कायदा, जागेला पावती

रायगड जिल्ह्यातल्या रेवदंड्यात नाक्यावर किंवा किनाऱ्याकडच्या वाटेवर वडापावची गाडी लावायची तर पंधरा-वीस वर्षांपूर्वी कुणी कायद्याचं पुस्तक उघडत नव्हतं. शेजारच्या दुकानदाराची तोंडी संमती मिळवायची, मागच्या वाडीतून पाण्याची सोय करायची आणि पंचायतीचा माणूस आला की पावती फाडून घ्यायची. चौल-भोवाळ्याच्या दत्ताच्या यात्रेत पाल टाकणारेही याच रिवाजावर धंदा करत आले. भेसळीविरुद्धचा कायदा १९५४ पासून होता, पण त्याची नजर तेल, दूध, मिरचीपूड यांच्या नमुन्यांवर. गावच्या गाडीशी त्याचा संबंध क्वचितच यायचा.

हे चित्र पालटायला सुरुवात झाली ५ ऑगस्ट २०११ रोजी. अन्न सुरक्षा आणि मानके कायदा २००६ चा. पण परवाना आणि नोंदणीची नियमावली त्या दिवशी लागू झाली आणि रस्त्यावर खाद्यपदार्थ विकणारा प्रत्येक जण अन्न व्यावसायिक ठरला. फेरीवाला, भजीवाली, शहाळंवाला, सरबतवाला, कोणी सुटलं नाही. या नियमावलीत वर्षाची उलाढाल १२ लाखांच्या आत असणाऱ्यांना परवान्याऐवजी साधी नोंदणी ठेवली होती. शुल्क वर्षाला १०० रुपये, आणि एका वेळी एक ते पाच वर्षांपर्यंतची नोंदणी घेता येत असे. फॉर्म ‘अ’ भरायचा, फोटो आणि ओळखीचा पुरावा जोडायचा, काय विकणार ते लिहायचं. मग १४ आकडी क्रमांकाचं प्रमाणपत्र मिळतं आणि ते गाडीवर दिसेल असं लावायचं. रायगडात हे काम अन्न व औषध प्रशासनाच्या पेणच्या कार्यालयाकडे. पुढे २०२० मध्ये ‘फॉसकॉस’ हे नवं संकेतस्थळ आलं आणि पेणची फेरी वाचली. पण मोबाइलवर इंग्रजी अर्ज भरणं ज्यांना जमत नाही, त्यांना सायबर कॅफेवाल्याच्या दारी जावंच लागतं, आणि शंभराच्या कामाला तिथे वरचे पैसे मोजावे लागतात.

याच नियमावलीतली एक तरतूद गाडीवाल्यांना कुणी समजावून सांगितली नाही, याची मला फार खंत वाटते. अर्ज दिल्यावर अधिकाऱ्याने सात दिवसांत नोंदणी द्यायची, कारण लिहून नाकारायची किंवा तपासणीची नोटीस काढायची. तपासणी ठरली तर तीस दिवसांत निकाल लावायचा. यातलं काहीच झालं नाही, तर अर्जदाराला धंदा सुरू करण्याची मुभा. म्हणजे अर्जाची पोच हातात असलेली बाई सरकारी दिरंगाईमुळे घरी बसून राहायला बांधील नव्हती. पण हे माहीत असायला हवं ना!

त्याच नियमावलीच्या चौथ्या परिशिष्टात गाडी कशी असावी ते लिहिलं आहे, आणि ते वाचताना रेवदंड्याचा किनारा डोळ्यांसमोर येतो. पदार्थ ठेवायचा आणि कापायचा पृष्ठभाग गुळगुळीत, पाणी न शोषणारा, स्टीलसारखा हवा आणि जमिनीपासून निदान ६० ते ७० सेंटिमीटर उंच हवा. वर छत हवं, ऊन-वारा-धुळीपासून आडोसा हवा, कचऱ्याला झाकणाचा डबा हवा. संध्याकाळचा वारा सुटला की सुरूच्या झाडांखालची बारीक रेती गुडघ्यापर्यंत उडते. पाटावर मांडलेल्या भज्यांत ती बसते, स्टीलच्या उंच टेबलावर बरीच कमी पोचते. खारट हवेत पत्र्याचं टेबल दोन पावसाळ्यांत गंजतं, म्हणून स्टील घ्यायचं, आणि तिथेच छोट्या माणसाचं भांडवल अडकतं. पाण्याची गोष्टही तशीच. स्वयंपाकाला आणि भांडी धुवायला पिण्यायोग्य पाणी हवं असं नियम म्हणतो, आणि किनाऱ्यालगतच्या विहिरींचं पाणी उन्हाळ्यात मचूळ होतं. मग नळाचं पाणी घरून पिंपात भरून आणायचं.

बाकीचे नियम एकामागून एक येत राहिले. घरगुती लाल सिलिंडर धंद्याला वापरायला २००० च्या आदेशानेच मनाई होती. १९ किलोचा व्यावसायिक सिलिंडर घ्यावा लागतो. डिसेंबर २०१६ मध्ये अन्न सुरक्षा प्राधिकरणाने वर्तमानपत्रात खाद्यपदार्थ बांधून देऊ नका असं बजावलं, कारण शाई पोटात जाते. २३ मार्च २०१८ ला राज्याची प्लास्टिकबंदी आली आणि थर्माकोलच्या ताटल्या-वाट्या गेल्या. तेल पुन्हा पुन्हा तापवण्यावरही त्याच वर्षी मर्यादा आली.

मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो तो बर्फाचा नियम. २०१८ पासून राज्यात खाण्यासाठी नसलेल्या बर्फात निळा रंग घालणं बंधनकारक झालं. रेवदंडा आणि शेजारचं थेरोंडा ही कोळ्यांची गावं. होडीवर मासळी टिकवायला बर्फाच्या लाद्या लागतात, आणि किनाऱ्यावर गोळेवाल्याला आणि सरबतवाल्यालाही बर्फच लागतो. मासळीची लादी कोणत्या पाण्याची आहे, कुठे ठेवली होती, हे गिऱ्हाइकाला कळायला मार्ग नव्हता. निळ्या रंगाने तो मार्ग दिला. कोकमच्या ग्लासात निळसर खडा दिसला तर पोरसुद्धा ग्लास परत करू शकतं. थोड्या खर्चात सामान्य माणसाच्या हाती ओळख देणारे असे नियम आपल्याकडे थोडे आहेत.

इतकं सगळं ताटातल्या पदार्थाबद्दल झालं. गाडी उभी कुठे करायची, या प्रश्नाला मात्र रेवदंड्याच्या वाट्याला अजून धड उत्तर नाही.

शहरांतला हा लढा जुना आहे. बॉम्बे हॉकर्स युनियनच्या खटल्यात १९८५ साली आणि दिल्लीच्या सोदान सिंग खटल्यात १९८९ साली सर्वोच्च न्यायालयाने रस्त्यावरच्या विक्रीला वाजवी निर्बंधांसह घटनेचा आधार दिला. पुढे संसदेने पथविक्रेता कायदा केला आणि १ मे २०१४ रोजी तो अमलात आला. त्यात दर पाच वर्षांनी विक्रेत्यांचं सर्वेक्षण आहे आणि ते होईपर्यंत कुणालाही हटवायचं नाही. नगर पथविक्रेता समितीत ४० टक्के जागा विक्रेत्यांच्या, त्यांतल्या एकतृतीयांश बायकांच्या. हटवायचं झालं तर आधी ३० दिवसांची नोटीस. माल जप्त केला तर नाशवंत माल त्याच दिवशी आणि बाकीचा कामाच्या दोन दिवसांत परत. भज्यांचं पीठ आणि मासे विकणाऱ्याला ‘त्याच दिवशी’ या शब्दांचं मोल माहीत असतं.

पण हा कायदा शहरं आणि नगरं यांच्यासाठी आहे. महापालिका, नगरपरिषद, नगरपंचायत यांच्या हद्दीत तो चालतो. रेवदंड्याच्या उत्तरेला अलिबागला नगरपरिषद, दक्षिणेला मुरूडला नगरपरिषद, आणि मधल्या रेवदंड्याला ग्रामपंचायत. त्याच रस्त्यावरून तेच पर्यटक जातात, तोच वडापाव खातात. अलिबागच्या गाडीवाल्याला सर्वेक्षणाचा आणि नोटिशीचा हक्क आहे, रेवदंड्याच्या गाडीवालीला नाही. तिच्यासाठी आहे १९५८ चा ग्रामपंचायत कायदा. त्याच्या कलम १२४ खाली पंचायत बाजार फी घेते आणि कलम ५३ खाली रस्त्यावरचं अतिक्रमण हटवते. एका कलमाने पावती द्यायची आणि दुसऱ्याने उठवायचं, हे एकाच गाडीच्या बाबतीत होऊ शकतं. वाळूवर उतरलं की महसूल खातं, मेरीटाइम बोर्ड आणि किनारा नियमन क्षेत्राची बंधनं येतात.

२०२० साली ही फट उघडी पडली. मार्चमध्ये भाऊचा धक्का ते मांडवा रो-रो सुरू झाली, मुंबईच्या गाड्या थेट अलिबाग तालुक्यात उतरू लागणार होत्या, आणि लगोलग टाळेबंदी आली. १ जूनला केंद्राने पथविक्रेत्यांसाठी १० हजार रुपयांच्या कर्जाची पीएम स्वनिधी योजना जाहीर केली. ३ जूनला निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला धडकलं. नारळी-पोफळीच्या वाड्या आडव्या झाल्या, छपरं उडाली, टपऱ्या गेल्या. भांडवलाची गरज तेव्हा या पट्ट्याइतकी क्वचितच कुणाला असेल. आणि ती योजना शहरी विक्रेत्यांची. आसपासच्या गावातला माणूस शहराच्या हद्दीत जाऊन विकत असेल तर तो बसत होता. स्वतःच्या गावात विकणाऱ्याला त्यात जागा नव्हती. त्याच वर्षी राज्याचं ‘बीच शॅक’ धोरण आलं, ८० टक्के जागा स्थानिकांना ठेवून. पण पहिल्या आठ किनाऱ्यांत रायगडचे दोन, वरसोली आणि दिवेआगर. रेवदंडा त्यात नव्हता.

ऑगस्ट २०२५ मध्ये स्वनिधीला मार्च २०३० पर्यंत मुदतवाढ मिळाली. पहिला हप्ता १५ हजारांचा झाला आणि योजना टप्प्याटप्प्याने जनगणना-शहरं आणि शहरालगतच्या भागांपर्यंत नेण्याचं ठरलं. ही वाढ किनाऱ्यावरच्या पर्यटन गावांपर्यंत यायला हवी, आणि तिची वाट बघत बसण्याचं कारण नाही. ग्रामसभा आजही ठराव करून गाव-नोंदवही सुरू करू शकते: कोण, कुठे, कधीपासून, काय विकतो. पावतीवर आज बहुधा रक्कम आणि तारीख एवढंच असतं. त्यावर विक्रेत्याचं नाव आणि गाडीची जागा लिहायला एक ओळ जास्त लागेल. उद्या सर्वेक्षण झालं, कर्जाची शिफारस लागली किंवा कुणी उठवायला आलं, तर आपण इथे किती वर्षं आहोत हे दाखवायला रेवदंड्याच्या गाडीवालीकडे या पावत्यांखेरीज दुसरा कागद असणार नाही. त्या तिने नोंदणीच्या प्रमाणपत्राबरोबर एकाच फाइलीत, तारखेच्या क्रमाने लावून ठेवाव्यात.