विश्लेषण : भाषा न येताही टोकियोत वाट कशी सापडते? सिंहस्थाच्या नाशिकला त्यातून काय घेता येईल?

पाठीवर सॅक, हातात मोबाइल आणि जपानीचे एक अक्षरही येत नाही, अशा अवस्थेत नाशिकचा एखादा तरुण टोकियोत उतरतो. गर्दी त्याला नवी नसते. दर बारा वर्षांनी त्याच्याच गावात सिंहस्थ भरतो. नवल याचे वाटते, की एवढ्या गर्दीतही धक्काबुक्की नाही आणि कोणाला न विचारता बाहेरची वाट सापडते. ‘शिस्त जपान्यांच्या रक्तातच आहे’ असे म्हणून तो परततो. पण ते अर्धेच खरे आहे.

पहिल्या दिवशी काय दिसते?

टोकियोतील शिंजुकू हे जगातील सर्वाधिक वर्दळीचे रेल्वे स्थानक मानले जाते. तिथून रोज ३० लाखांच्या आसपास प्रवासी ये-जा करतात. बाहेर पडण्याचे मार्ग दोनशेहून अधिक आहेत. फलाटावर डब्याचे दार कुठे येणार याच्या खुणा असतात आणि लोक त्यामागे रांग लावतात. जिन्यांवर चढणाऱ्यांसाठी आणि उतरणाऱ्यांसाठी बाण काढलेले असतात. सरकत्या जिन्यावर टोकियोत डावीकडे उभे राहायचे, तर ओसाकात उजवीकडे.

आणखी एक गोष्ट नवख्याला बुचकळ्यात टाकते. रस्ते स्वच्छ, पण कचरापेटी मात्र सहसा दिसत नाही. मार्च १९९५ मध्ये टोकियोच्या भुयारी रेल्वेत सरिन वायूचा हल्ला झाला, त्यानंतर सुरक्षेसाठी सार्वजनिक ठिकाणच्या बहुतेक पेट्या हटवण्यात आल्या. त्यामुळे रिकामी बाटली संध्याकाळपर्यंत सॅकमध्येच राहते.

भाषा न येता वाट कशी सापडते?

टोकियोच्या भुयारी रेल्वेत प्रत्येक मार्गाला एक रंग आणि एक इंग्रजी अक्षर आहे, तर प्रत्येक स्थानकाला क्रमांक. उदाहरणार्थ, गिंझा मार्गावरील गिंझा स्थानक म्हणजे ‘जी ०९’. ही पद्धत २००४ मध्ये आली. स्थानकातून बाहेर पडण्याच्या दारांनाही क्रमांक असतात. त्यामुळे नाव वाचता आले नाही, तरी अडत नाही.

चित्रखुणांची परंपरा याहून जुनी आहे. १९६४च्या टोकियो ऑलिम्पिकला जगभरातून येणाऱ्या लोकांना जपानी लिपी वाचता येणार नव्हती. तेव्हा खेळांसाठी आणि स्वच्छतागृहासारख्या सोयींसाठी सुटसुटीत चित्रे तयार करण्यात आली. अंधांना पायाखाली जाणवणाऱ्या उंचवट्यांच्या पिवळ्या फरश्याही जपानच्याच. सेइइची मियाके यांनी त्या तयार केल्या आणि १९६७ मध्ये ओकायामा शहरात त्या पहिल्यांदा बसवल्या गेल्या. आज भारतातील अनेक फलाटांवर त्या दिसतात.

मग शिस्त उपजत नाही का?

सवयीचा वाटा आहेच, पण नुसत्या सवयीवर गर्दी सांभाळता येत नाही, हे जपानलाही अनुभवातूनच कळले. २१ जुलै २००१ रोजी कोबेजवळच्या आकाशी शहरात आतषबाजी पाहायला लोक जमले होते. स्थानकाला जोडणाऱ्या पादचारी पुलावर येणारे आणि परतणारे लोक समोरासमोर आले. चेंगराचेंगरीत ११ जणांचा मृत्यू झाला, त्यातील नऊ मुले होती. पुढे पालिका, पोलीस आणि सुरक्षा कंपनीतील जबाबदार व्यक्तींना न्यायालयाने दोषी ठरवले. शिस्तप्रिय लोकही चुकीच्या रचनेत अडकले की चिरडले जातात.

नाशिकशी याचा संबंध काय?

२७ ऑगस्ट २००३ रोजी सिंहस्थाच्या पर्वणीला रामकुंडाकडे जाणाऱ्या अरुंद रस्त्यावर चेंगराचेंगरी झाली आणि ३९ भाविकांनी प्राण गमावले. पुढच्या सिंहस्थात, २०१५ मध्ये, नाशिकच्याच नीलय कुलकर्णी या शाळकरी मुलाने सहकाऱ्यांसह पावले मोजणारी चटई तयार केली. तिच्यावरून किती लोक गेले, हे तत्काळ कळत असे. तिचे नाव ‘आशिओतो’. जपानीत या शब्दाचा अर्थ पावलांचा आवाज! गर्दी कुठे वाढते आहे हे आधी कळले, तरच ती वेळेत थांबवता किंवा वळवता येते.

टोकियोची नक्कल पुरेशी आहे का?

नाही. शिंजुकूत येणारा बहुतेक प्रवासी रोजचा असतो. त्याला वाट पाठ असते आणि प्रत्येकाला वेगळ्या ठिकाणी जायचे असते. सिंहस्थातील भाविक बहुधा पहिल्यांदाच आलेला असतो आणि मुहूर्त साधून सगळ्यांना त्याच घाटावर पोहोचायचे असते. म्हणून नाशिकमध्ये खुणांची गरज टोकियोपेक्षाही जास्त आहे.

आता काय करता येईल?

आगामी सिंहस्थाचे ध्वजारोहण ३१ ऑक्टोबर २०२६ रोजी आणि पहिले अमृतस्नान २ ऑगस्ट २०२७ रोजी ठरले आहे. नाशिकरोड स्थानकापासून रामकुंड सुमारे दहा किलोमीटरवर आहे. डोक्यावर गाठोडे घेऊन उतरणाऱ्या तेलुगू, बंगाली किंवा गुजराती भाविकांपैकी अनेकांना देवनागरी वाचता येणार नाही, काहींना कोणतीच लिपी येणार नाही. त्यांच्यासाठी घाट, वाहनतळ आणि तात्पुरत्या बसथांब्यांना रंग, आकडा आणि चित्र देता येईल. जाण्याचा आणि परतण्याचा मार्ग वेगळा ठेवून ते बाणांनी जमिनीवरच दाखवता येतील.

गर्दीत घरच्यांपासून चुकलेल्या आजीला पंचवटीतल्या गल्लीचे नाव सांगता येणार नाही. पण समोरच्या खांबावर निळा रंग आणि सात आकडा असेल, तर ‘मी निळ्या सातपाशी उभी आहे’ एवढे ती फोनवर सांगू शकेल. तिला शोधायला तेवढे पुरेसे आहे.