उत्क्रांती हातांनी शिकताना : लेखांक ५
गोधडीवरच्या टिकल्या

झाडाचा पाला वर होता, म्हणून जिराफाने मान ताणली आणि ती लांब झाली. मागच्या लेखात आपण या समजुतीपाशी थांबलो होतो. राज्य मंडळाच्या दहावीच्या विज्ञान भाग २ मधला पहिलाच धडा ‘आनुवंशिकता व उत्क्रांती’ आहे. तो पाठ असलेली मुलंसुद्धा हेच उत्तर देतात. फळ्यावर व्याख्या लिहून ही समजूत जात नाही. तिच्यावर मला सर्वांत खात्रीचा वाटलेला उपाय म्हणजे कागदाच्या टिकल्यांचा खेळ. जगभरचे विज्ञानशिक्षक तो वेगवेगळ्या रूपांत खेळवतात.

एक जुनी, भरगच्च नक्षीची गोधडी जमिनीवर पसरा. पंचिंग मशीनने रंगीत कागदाच्या टिकल्या पाडा. दहा रंग, प्रत्येकी दहा, म्हणजे एकूण १००. त्या गोधडीवर विखरून टाका. आता मुलं पक्षी आणि टिकल्या किडे. गोधडीकडे पाठ करून उभं राहायचं, वळायचं, पहिली दिसेल ती टिकली उचलायची आणि पुन्हा पाठ फिरवायची. ७५ टिकल्या उचलून झाल्या की थांबायचं. उरलेल्या २५ झटकून गोळा करा आणि रंगवार लावा. त्यातल्या प्रत्येकीला तिच्याच रंगाची तीन पिल्लं द्या, की पुन्हा १०० होतील. प्रत्येक पिढीचा स्तंभालेख फळ्यावर काढत जा. तीन-चार पिढ्यांत भडक रंग उतरणीला लागतात आणि गोधडीत मिसळून जाणारे रंग वाढतात.

खरा धडा इथे सुरू होतो. मुलांना विचारा, ‘यातल्या कोणत्या टिकलीने आपला रंग बदलला?’ विचारून गप्प बसा, उत्तर सांगायची घाई करू नका. थोड्या वेळाने कोणीतरी म्हणतंच, की एकीनेही नाही. टिकली होती तशीच राहिली, समूह मात्र बदलला. मग गोधडी काढून दुसऱ्या रंगाची चादर अंथरा. एखादा रंग आधीच संपलेला असेल, तर आता त्याची कितीही गरज असो, तो परत येत नाही. गरज रंग निर्माण करत नाही, हे मुलांना तेव्हा उमगतं. उत्परिवर्तनाची गोष्ट काढायला याहून चांगली वेळ नाही. चादर कोणती आहे हे न पाहता एक नवा रंग टाका आणि पुढे काय होतं ते मुलांनाच पाहू द्या.

हा नुसता खेळ नाही. गॅलापागोसमधल्या डॅफ्ने मेजर या छोट्या बेटावर पीटर आणि रोझमेरी ग्रँट यांनी १९७३ पासून फिंच पक्ष्यांच्या चोची मोजल्या. १९७७ च्या दुष्काळात लहान, मऊ बिया संपल्या. उरली ती आपल्याकडच्या सराट्याच्या जातकुळीतली टणक काटेरी फळं. मध्यम आकाराच्या भूफिंचांपैकी बहुतेक पक्षी मेले. जगले त्यांच्यात मोठ्या चोचीच्या पक्ष्यांचं प्रमाण जास्त होतं, आणि पुढच्या पिढीची सरासरी चोचही मोठी निघाली. पुढे १९८३ च्या अतिवृष्टीनंतर लहान बियांचा सुकाळ झाला, तेव्हा सरशी लहान चोचींकडे गेली. उत्क्रांती म्हणजे सतत वर चढत जाणारा जिना, हा समजही इथेच गळून पडतो.

कार्यशाळांतला सर्वांत लाडका उपक्रम म्हणजे मातीचा काल्पनिक प्राणी. मला तो फार आवडतो, पण तो पहिल्याच दिवशी घेऊ नये. मूल म्हणतं, ‘बेटावर पाणी आहे म्हणून मी याला पडद्याचे पाय दिले,’ आणि जिराफाची मान मागच्या दाराने परत आत येते. त्याऐवजी प्रत्येक गटाने एकाच प्राण्याची थोडी थोडी वेगळी पाच भावंडं करावीत. पूर, दुष्काळ की नवा शिकारी, हे फाशाने ठरवावं. कोण तगेल यावर मुलं तावातावाने भांडतात. त्या भांडणात नैसर्गिक निवड पक्की होते.

२०२३ मध्ये एनसीईआरटीने दहावीच्या विज्ञानाच्या पुस्तकातून उत्क्रांतीचा भाग वगळला. त्याविरुद्धच्या खुल्या पत्रावर अठराशेहून अधिक वैज्ञानिक, शिक्षक आणि नागरिकांनी सह्या केल्या. ही काळजी रास्त होती. दहावीनंतर जीवशास्त्र न घेणाऱ्या मुलांची या विषयाशी पुन्हा गाठ पडेलच असं नाही. म्हणून शिक्षकांना माझी विनंती आहे, की दहावीची वाट पाहू नका. टिकल्यांचा खेळ पाचवी-सहावीच्या मुलांनाही सहज जमतो आणि त्याला दोन तासिका पुरतात. या आठवड्यात तो घेऊन पाहा, स्तंभालेख जपून ठेवा. पुढच्या लेखात ते लागणार आहेत.