लोला कोपऱ्यावर वळली आणि...

दोस्तांनो, आधी एक काम करा. हे पान हातात घेऊन आरशासमोर जा. गेलात? आता आरशात आपल्या डाव्या डोळ्याकडे बघा. मग उजव्या डोळ्याकडे. पुन्हा डाव्या. पुन्हा उजव्या.

तुमचे डोळे हलताना दिसले का तुम्हाला?

नाही ना! पण हलले तर नक्की. शेजारी ताईला उभं करा. ती सांगेल, "अगं बाई, भराभर हलतायत की!" तिला दिसतं, तुम्हाला नाही. आहे की नाही गंमत?

नजर इकडून तिकडे उडी मारते, तेव्हा मधलं सगळं फिसकटलेलं असतं. पावसात ओली झालेली वही जशी! मेंदू म्हणतो, नकोच हे. तेवढा तुकडा तो गाळतो आणि पुढचं-मागचं बेमालूम जोडतो. आरशातली ही गंमत बेनो एर्डमान आणि रेमंड डॉज या दोघांच्या लक्षात आली. जर्मनीत, हाले विद्यापीठात, माणसं वाचतात कशी याचा ते अभ्यास करत होते. १८९८ साली त्यांनी ती छापलीसुद्धा.

म्हणजे तुमच्या डोक्यात एक कापाकापी करणारा बसलाय. दिवसभर कामावर! आणि सिनेमा नावाची लबाडीही अशीच कापाकापी करून चालते.

कशी? चला बर्लिनला.

१९९८ साली टॉम टिकवर या दिग्दर्शकानं एक सिनेमा काढला. नाव 'लोला रेन्ट', म्हणजे 'लोला धावते'. लालभडक केसांची लोला. तिच्याकडे फक्त वीस मिनिटं आहेत आणि तिला एक लाख मार्क घेऊन मित्रापर्यंत पोचायचंय. मग काय, ती धावते! (सिनेमा मोठ्यांचा आहे हं. जरा उंच झालात की बघा.)

एकदा ती ओबरबाउम पुलावरून धावते. हा पूल शहराच्या पूर्वेला. तिचा मित्र थांबलाय त्या दुकानाचं चित्रीकरण मात्र झालंय पार पश्चिमेला, शार्लोटेनबुर्गमध्ये. खऱ्या बर्लिनमध्ये हे अंतर वीस मिनिटांत धावून दाखवाच! लोला एका कोपऱ्यावर वळते आणि निघते थेट भलत्याच मोहल्ल्यात. दादरच्या गल्लीत शिरावं आणि बोरिवलीत बाहेर यावं तसं!

बर्लिनची माणसं थिएटरात हसली असतील. पण बाकी जगाला काही खटकलंच नाही. लोला त्याच दिशेनं, त्याच दमात धावत राहिली, मग झालं. मधले रस्ते आपल्या मेंदूनंच भरले.

हे तुकडे जोडले माटिल्ड बॉनफ्वा हिनं. त्यासाठी तिला जर्मनीचा चित्रपट पुरस्कारही मिळाला. आणि टिकवर? ओळखा बरं, तो पहिल्यांदा फिल्म करायला लागला तेव्हा केवढा होता? अकरा वर्षांचा! पुढे त्याला फिल्मच्या शाळांनी प्रवेशसुद्धा दिला नाही. मग तो थिएटरात सिनेमे दाखवायचं काम करत राहिला.

जर्मन भाषेत या जोडकामाला 'श्निट' म्हणतात. श्निट म्हणजे काप! कपडे बेतायचा कागद असतो ना, त्याचं नाव श्निटमुस्टर. आणि शिंपी म्हणजे श्नायडर. सगळे एकाच घरातले शब्द. आपण मराठीत मात्र म्हणतो 'संकलन', म्हणजे गोळा करणं. काम तेच! ते म्हणतात कापतोय, आपण म्हणतो गोळा करतोय. मला विचाराल तर आपला शब्द जास्त आवडतो, पण तो शिंपीही काही वाईट नाही.

पूर्वी खरोखरच कापायचे बरं का. फिल्म म्हणजे लांबच लांब पट्टी. एका सेकंदात चोवीस चित्रं. दीड तासाच्या सिनेमाची पट्टी उलगडली तर जवळजवळ अडीच किलोमीटर! शाळेपासून घरापर्यंत अंथरता येईल. ती कापायची, चिकटपट्टीनं जोडायची. उरलेले तुकडे कापडी पेटीत लोंबत ठेवायचे, दोरीवर मोजे वाळत घालतो तसे.

हे काम ज्या टेबलावर चाले, ते प्रसिद्ध टेबल जर्मनीतल्या हॅम्बुर्गचं. श्टेनबेक कंपनीचं. वर मोठमोठ्या आडव्या थाळ्या. एका थाळीतून पट्टी निघाली, मधल्या छोट्या पडद्यावर चित्र दाखवलं, दुसऱ्या थाळीत गुंडाळली. जेवायला बसलेल्या पंगतीसारखं टेबल! पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये, जिथं आधी प्रभात स्टुडिओ होता, तिथंही कित्येक विद्यार्थी याच टेबलावर शिकले.

आता ते टेबल तुमच्या घरातल्या लॅपटॉपमध्ये मावतं. उदाहरणार्थ 'केडेनलाइव्ह' हे संकलनाचं सॉफ्टवेअर. फुकट मिळतं! ते 'केडीई' नावाच्या मोठ्या मित्रमंडळाचं. हे मंडळ १९९६ साली सुरू केलं एका विद्यार्थ्यानं! ट्युबिंगन विद्यापीठातला माटियास एट्रिश. पुन्हा जर्मनीच, बघा.

समजा, तुमच्या वर्गानं फिल्म केलीय. 'हरवलेला डबा'. बंडू बाकावरून उठतो, दप्तर उघडतो, डबा नाही! मग दारापर्यंत चालतो, दार उघडतो, जिना उतरतो, मैदान ओलांडतो... बघणारे जांभया देतात. स्वतः बंडूसुद्धा!

मग लोलाची आठवण काढा. बंडू दाराला हात लावतो. कट! बंडू मैदानात. जिना कुठे गेला, कुणी विचारणार नाही. फक्त एक सांभाळा. तो डावीकडून उजवीकडे निघाला असेल, तर मैदानातही डावीकडून उजवीकडेच जाऊ दे. नाहीतर वाटेल, गडी डबा न शोधताच परत आला!

आणि कट कुठे मारायचा? तो स्थिर उभा असताना नको. हात हलत असताना, मान वळत असताना मारा. बघणाऱ्याची नजर त्या हाताच्या मागे पळत असते. जोड तिला दिसतच नाही. आरसा आठवला?

आता माझी सगळ्यात लाडकी युक्ती. घरी कुकरची शिट्टी आधी ऐकू येते की कुकर आधी दिसतो? शिट्टी! तुम्ही अभ्यासाला बसलेले असता आणि भाताचा वास यायच्या आत कान स्वयंपाकघरात पोचलेले असतात. फिल्ममध्येही तसंच करा. बंडू अजून वर्गातच रडवेला उभा आहे, पण मैदानातला गलका आधी सुरू होऊ दे. एक सेकंद पुरे. मग मैदान दाखवा. आवाजाची पट्टी चित्राच्या पट्टीखाली वेगळी असते. तिचं टोक धरून डावीकडे ओढायचं, एवढंच! करून बघा. तुटक तुकडे एकदम गळ्यात गळे घालतात.

एक कटकट मात्र सॉफ्टवेअरला सहजी निस्तरता येत नाही. वर्गातल्या ट्यूबलाइटखाली काढलेल्या व्हिडिओत कधी कधी उजेड लुकलुकतो. पट्टे सरकतात. का? जर्मनीत आणि आपल्याकडे घरातली वीज सेकंदाला ५० वेळा हेलकावे घेते. म्हणून ट्यूब सेकंदाला शंभर वेळा उजळते आणि मंदावते! डोळ्यांना कळत नाही, कॅमेऱ्याला कळतं. फोन सेकंदाला ३० चित्रं काढत असेल तर दोघांचा ताल चुकतो, लेझीम चुकावी तसा. फोनमध्ये २५ निवडता येत असेल तर तेच निवडा. शंभरला पंचविसानं भाग जातो ना! तालही पुष्कळ जमतो.

आता सांगा, संगणकावर तुम्ही कट मारता, तेव्हा व्हिडिओचं काय होतं?

काहीच नाही!

खरंच. मूळ क्लिप जशीच्या तशी राहते. सॉफ्टवेअर फक्त चिठ्ठी लिहितं: 'ही क्लिप घे, चौथ्या सेकंदापासून नवव्यापर्यंत दाखव, मग ती दुसरी घे.' आई वाण्याकडे यादी देते ना, तशी. यादी म्हणजे साखर नव्हे! केडेनलाइव्हची प्रोजेक्ट फाइल साध्या अक्षरांत लिहिलेली असते. उघडून वाचतासुद्धा येते. म्हणून हवं तेवढं कापा, जोडा, पुन्हा कापा. फिल्म एका मिलिमीटरनंही झिजत नाही.

पण एक गोची आहे. यादीत लिहिलंय, 'साखर वरच्या फळीवर'. आणि दादानं लॅपटॉप आवरायला घेतला. क्लिपा उचलून भलत्याच फोल्डरमध्ये टाकल्या. दुसऱ्या दिवशी तुम्ही प्रोजेक्ट उघडता. चिठ्ठी जागेवर, क्लिपांचा पत्ता नाही! बंडूला डबा मैदानात सापडलेला असतो, आणि तुम्ही दादाच्या मागे लागलेले असता: "माझा डबा कुठे ठेवलास?"