खोक्यातले इंजिन आणि पावतीबाहेरचा खर्च

अमेरिकेत १९६९ची शेव्हरोले कॅमेरो पुन्हा धावती करू पाहणाऱ्यास कारखान्यातच जुळवलेले नवे इंजिन विकत मिळते. ते खोक्यातून येते, म्हणून ‘क्रेट इंजिन’. शेव्हरोलेचेच ६.२ लिटरचे एलएस३ सुमारे ४३० अश्वशक्ती देते. २०२१मध्ये आलेले झेडझेड६३२ तब्बल १००४! आकडा मोह घालतो खरा. परंतु जुना गिअरबॉक्स, मागचा आस, रेडिएटर आणि ड्रम ब्रेक एवढ्या जोरासाठी घडवलेलेच नव्हते. ते बदलण्याचा खर्च इंजिनाच्या पावतीत दिसत नाही. शिवाय एलएस३ॲल्युमिनियमचे असल्याने जुन्या बिडाच्या इंजिनाहून हलके. रोज रस्त्यावर काढावयाच्या गाडीसाठी आम्ही तेच निवडू, आणि वाचलेले डॉलर प्रथम ब्रेकवर खर्चू.